वाडा पुढं गेला

दिवाळी सरली की सांगवीच्या नीरा पुलावरून धनगर पलीकडं जायला लागतात. फलटण-माणच्या अंगानं येतात. कुणी बारामतीवरून पुण्याकडं सरकतं, कुणी घाट उतरून थेट कोकणात जातं. रस्त्यावर आधी मेंढरं दिसत नाहीत, आधी घोडी दिसतात. बाप्ये मेंढरं घेऊन रानारानानं चारत येतात आणि बाया घोडी घेऊन सरळ रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला जातात. घोडीच्या पाठीवर गोणपाट, त्यावर खोगीर, त्यावर घोंगड्या, दळणाच्या पिशव्या, पातेली, पाण्याचे कॅन. एका बाजूला डालग्यात कोंबड्या, दुसऱ्या बाजूला रात्री जन्मलेली दोन कोकरं. सगळ्यांच्या वर कधी कधी एखादं तान्हं पोर, घोंगडीत गुंडाळून पक्कं बांधलेलं.

अशाच एका सकाळी पुलाच्या कठड्याशी एका म्हाताऱ्या बाईनं घोडी थांबवली होती. तंग ढिला झाला होता आणि ओझं एका अंगाला कलत होतं. मी एका बाजूनं ओझं धरलं, तिनं तंग आवळला. बोलणं सुरू झालं.

"मावशी, आज मुक्काम कुठं?"

"वाडा पुढं गेलाय बाबा. जिथं वाडा बसंल तिथं मुक्काम."

तिनं कासरा ओढला आणि ती गेली. मी मात्र त्या वाक्यापाशीच राहिलो. माझ्या लेखी वाडा म्हणजे पाटलाचा वाडा: दगडी जोतं, सागवानी खांब, दिंडीदरवाजा. तो पुढं कसा जाईल? पुण्याच्या शनिवारवाड्याला आणि या बाईच्या घोडीवरच्या संसाराला एकच नाव कसं? धनगर मुक्कामाच्या जागेला, तिथल्या मेंढरांना, बिऱ्हाडांना, सगळ्या मिळून तांड्यालाच 'वाडा' म्हणतात, हे मला नंतर कळलं. पण प्रश्न सुटला नाही, उलट वाढला. या दोन वाड्यांपैकी थोरला कोणता, धाकटा कोणता?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. थोरला घोडीवरचा. शनिवारवाडा त्याचा वंशज.

आधी शब्दाची सरळ वाट. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा. 'वाटिका' म्हणजे कुंपणातली बाग. प्राकृतात त्याचं 'वाड' झालं आणि तिथून देशभर पसरलं. गुजरातीत 'वाड' म्हणजे अजूनही कुंपणच आणि 'वाडो' म्हणजे परसदार किंवा गुरं कोंडायची जागा. हिंदीत 'बाड़ा'. बंगालीत 'बाडी' म्हणजे घर. गोव्यात गावाचा एक भाग म्हणजे 'वाडो'. आपल्याकडं कुंभारवाडा, वाडी, गुरांचं वाडगं. मारवाड आणि काठेवाड याच घराण्यातले. 'वृ' म्हणजे वेढणं, झाकणं. त्या धातूशी हा शब्द जोडतात. त्याच धातूचा 'वृति' म्हणजे कुंपण, आणि आपल्या बांधावरची 'वई' त्या वृतीपासून. वई आणि वाडा हे चुलतभाऊ आहेत, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. दोन्हींत काटेच असतात.

इथं पहिली गफलत होते. संस्कृत 'वाट' दिसला की मराठी माणसाच्या मनात रस्त्याची वाट उभी राहते. वाटेवर चालणारा तो वाडा, अशी व्युत्पत्ती मला एका हौशी अभ्यासकानं मोठ्या आत्मविश्वासानं ऐकवली होती. ऐकायला गोड आहे आणि धनगरांच्या फिरतीला शोभतेही. पण मराठीच्या ध्वनींचा हिशोब तिला आडवा येतो. स्वरांच्या मध्ये एकटा सापडलेला संस्कृत 'ट' प्राकृतात मऊ होऊन 'ड' होतो. वटाचा वड झाला, घटाचा घडा, कटकाचं कडं. जोडाक्षरातला ट मात्र टिकून राहतो. हट्टाचा हाट झाला, पट्टाचा पाट. आपली रस्त्याची वाट आली 'वर्त्म'पासून, मधे 'वट्ट' होऊन. म्हणून तिचा ट शाबूत. कुंपणाचा 'वाट' एकट्या ट-चा, म्हणून त्याचा वाड झाला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं 1920 साली छापलेल्या मराठीवरच्या ग्रंथात असे नियम ओळीनं लावून दाखवलेत. म्हणजे वाट निघाली फिरण्यातून आणि वाडा निघाला वेढण्यातून. रोज दोन्ही एकत्र नांदतात, पण रक्ताचं नातं नाही.

याच फरकानं माझा एक लाडका शोध मोडून टाकला, तो सांगितलाच पाहिजे. इंग्लंडमधल्या रोमा लोकांच्या रंगीत घोडागाड्यांची चित्रं मी एका पुस्तकात पाहिली होती. घोडा पुढं, मागं चाकावरचं अख्खं घर: आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदे. त्या गाडीला ते म्हणतात 'वार्दो'. रोमांची भाषा मूळ भारतातली, हे आता सर्वमान्य आहे. वार्दो आणि वाडा! घोड्यानं ओढलेलं घर तिकडं, घोड्यानं वाहिलेलं घर इकडं, आणि नाव जवळपास तेच. मी कितीतरी दिवस हे ज्याला त्याला सांगत होतो. पण वार्दो हा शब्द रोमांनी वाटेत, कॉकेशसकडच्या ओसेटी भाषेतून उचलला. तिथं 'वेर्दोन' म्हणजे गाडी, आणि त्याचं मूळ 'वृत्', म्हणजे फिरणं. चाक फिरतं म्हणून गाडी. म्हणजे रोमांचं ते घर आपल्या वाटेचं नातेवाईक निघालं, वाड्याचं नव्हे. नाव चाकावरून पडलं. आमच्या धनगरांनी नाव कुंपणावरून ठेवलं. हा फरक नुसता शब्दांचा नाही, पुढं त्याचं काम पडणार आहे.

आता खरा प्रतिस्पर्धी. तमिळमध्ये एक शब्द आहे, 'पाडि'. त्याचे अर्थ वस्ती, गवळ्या-मेंढपाळांचं खेडं आणि सैन्याची छावणी. कृष्णाच्या गोकुळाला जुन्या तमिळ भक्तिसाहित्यात 'आय्‌पाडि' म्हणतात, म्हणजे गवळ्यांची पाडि. कन्नडात प-चा ह होतो, त्या नियमानं कोडगूकडच्या आदिवासी वस्त्या 'हाडि' झाल्या. द्राविडी मुळाचे पक्षपाती म्हणतात, वाडी हीच. समासात 'पाडि'चं 'वाडि' व्हायला कितीसा वेळ लागतो? त्यांच्याकडं दोन जबरदस्त पुरावे आहेत. मेंढपाळाची वस्ती आणि लष्कराची छावणी, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आधीपासून आहेत, आणि मला वाड्याच्या कथेत नेमके तेच दोन्ही लागतात. पण गुजरातपासून बंगालपर्यंत पसरलेलं वाड-बाडीचं कुळ तमिळमधून वर गेलं असं मानणं मला जड जातं, आणि पाडिमध्ये कुंपण कुठंच नाही. माझा निकाल असा: शब्दाचं हाड संस्कृत-प्राकृत, पण दख्खनच्या सीमेवर शेजारच्या पाडिनं त्याला खांदा दिला. दोन भाषा शेजारी नांदल्या की एकसारखे वाजणारे शब्द एकमेकांचे अर्थ उसने घेतात. आणि धनगर तर या दोन्ही भाषांच्या मधूनच चालत आले.

ते चालत आले याची साक्ष त्यांच्याच नावात आहे. या भागातले बरेच मेंढपाळ हटकर. हट्ट करणारे ते हटकर, अशी व्युत्पत्ती गावोगाव ऐकायला मिळते आणि हटकरांनाही ती आवडते, कारण तिच्यात मानीपणा आहे. अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाडाचं वर्णन करताना हटकरांचा करारीपणा आणि त्यांचं घोडदळ, दोन्हींची नोंद केली, म्हणजे ही कीर्ती जुनी आहे. पण कन्नडात 'हट्टी' म्हणजे गुरामेंढरांचं कोंडवाडं, आणि तिथून मेंढपाळांची वस्ती. कर्नाटकात गोल्ला गवळ्यांच्या वस्तीला अजून 'गोल्लरहट्टी' म्हणतात. हट्टीकार म्हणजे हट्टीवाला. हटकर याचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'वाडेकरी'! धनगरांचे देव बिरोबा-म्हस्कोबा यांची मुळं कर्नाटकाकडं जातात हे ग्युंथर सोन्थायमर (1934–1992) या जर्मन अभ्यासकानं दाखवून दिलं. त्यांचा 1976 सालचा ग्रंथ याच देवांवर आहे. पुण्यात राहून, वाड्यावाड्यांवर धनगरांच्या ओव्या ऐकून त्यांनी हे काम केलं. देव आले तसे शब्दही आले. हट्टीवाले मराठीत आले, हट्टीला मराठी नाव घेतलं, वाडा; आणि स्वतःचं नाव मात्र जुनंच ठेवलं.

घोडीवरचा संसार, ज्याला आपण बिऱ्हाड म्हणतो, त्याचीही गोष्ट अशीच. लीळाचरित्रात चक्रधरांचा मुक्काम जिथं जिथं होतो तिथं 'बिढार' शब्द येतो. तेराव्या शतकातलं ते बिढार, पुढं अक्षरं उलटीपालटी होऊन बिऱ्हाड झालं. कन्नडात 'बिडार' म्हणजे उतरण्याची जागा, आणि तो आला 'बिडु'पासून: सोडणं, मोकळं करणं. त्याचाच भाऊबंद 'बीडु' म्हणजे तळ. होयसळांच्या हळेबीडच्या नावात तोच आहे, हळे म्हणजे जुना, बीडु म्हणजे तळ. जनावरांची ओझी जिथं सोडली ते बिऱ्हाड. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. व्युत्पत्तीनं पाहिलं तर पाठीवर असतं ते बिऱ्हाड नव्हेच, पाठीवरून उतरतं ते बिऱ्हाड. त्या मावशीनं हे बरोबर जपलं होतं. घोडीवर होतं ते तिच्या लेखी 'सामान' होतं. वाडा पुढं होता.

मग वाडा सुरू कुठं होतो? मी हे पाहायला मुक्कामावर गेलो. ऊस तुटून गेलेलं रान होतं. आमच्याकडं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नीरा डाव्या कालव्याचं पाणी आहे, म्हणून ऊस आहे, म्हणून वाढं आहे. आणि शेतकऱ्याला लेंडीखत पाहिजे म्हणून तो धनगरांना रान देतो, वर धान्य किंवा पैसे देतो. याला मेंढरं बसवणं म्हणतात. बायांनी घोडी सोडली, पण सामान लावायच्या आधी एक काम केलं. सुतळी-दोराची मोठी जाळी उलगडली, दांडे ठोकले आणि रानाच्या मधोमध एक गोल उभा केला. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. त्या जाळीला म्हणतात वाघूर.

वाघूर! मेंढरांना वाघा-लांडग्यापासून राखते म्हणून वाघूर, असं कोणीही सांगेल, मलाही तिथं तेच सांगितलं. पण शब्द वाघाचा नाही. संस्कृतात 'वागुरा' म्हणजे शिकारीचं जाळं, हरणं-ससे पकडायचं. कालिदासानं रघुवंशाच्या नवव्या सर्गात दशरथाची शिकार वर्णन केली, तिथं राजाच्या आधी रानात शिरतात ते कुत्रेवाले आणि वागुरिक, म्हणजे जाळेवाले. वागुराची वागूर झाली, आणि मेंढरांभोवती लागल्यावर वाघाच्या भीतीनं ग-चा घ झाला. लोकांनी शब्दाला अर्थ दिला आणि अर्थानं शब्दाचा आवाज बदलला. भाषेत असं फार वेळा घडतं, पण इतकं सुंदर क्वचित. जे जाळं जनावराला मारण्यासाठी वेढायचं, तेच जनावराला जगवण्यासाठी वेढू लागलं. शिकाऱ्याचा मेंढपाळ कसा झाला याची मोठी मोठी पुस्तकं आहेत. मला ती सगळी त्या सुतळीच्या गाठीत दिसली. जाळंही तेच, कुत्रीही तीच, फक्त तोंड फिरलं: आधी धोका जाळ्याच्या आत होता, आता बाहेर आहे.

आणि मग मांडणी. मधे वाघूर. तिच्या कडेकडेनं एकेका घराचं बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, घोंगड्यांची चवड, कधी काठ्यांवर ताडपत्री. त्यापलीकडं घोडी बांधलेली. सगळ्यांच्या बाहेर कुत्री. मोकळी जागा मधे आणि माणसं भोवती. मी उभा राहून पाहिलं आणि मला चौक दिसला.

चौसोपी वाड्यात दुसरं काय असतं? मधे उघडा चौक, चारी बाजूंनी सोपे, बाहेर भिंत, दरवाजाशी पागा. माझं म्हणणं असं की दख्खनी वाड्याचा नकाशा हा दगडात उतरलेला मेंढवाडा आहे. यावर वास्तुशास्त्राचे जाणकार लगेच बृहत्संहिता काढतात. वराहमिहिरानं चार शाळांच्या घरांचे सर्वतोभद्र वगैरे प्रकार सांगितलेत, आणि चौसोपी हा 'चतुःशाल'चाच मराठी अवतार. शिवाय चौक राजस्थानच्या हवेलीत आहे, बौद्ध विहारात आहे. ऊन-वाऱ्याच्या देशात माणसं चौक बांधतातच. हा आक्षेप वजनदार आहे, आणि नकाशापुरती मी त्यापुढं मान तुकवतो. चौक धनगरांनी शोधला असं मी म्हणणार नाही. पण त्या नकाशाला नाव कुठून मिळालं? चतुःशाल, सदन, हवेली, महाल असे भारदस्त शब्द हाताशी असताना मराठ्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या घराला मेंढवाड्याचं नाव का दिलं? बृहत्संहितेत याचं उत्तर नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, यात नवल नाही: वाडा म्हणजे आवार, मोठं घर म्हणजे मोठं आवार, बंगालीत बाडी झाली तसा मराठीत वाडा झाला. मग गुजरातीत वाडो परसातच का राहिला? हिंदीत बाड़ा जनावरांपाशीच का अडकला? हिंदी मुलखात ज्या भव्य जागांना बाडा-वाडा नाव आहे त्यांतल्या दोन मोठ्या नावांवर मराठ्यांचा ठसा आहे. इंदूरचा राजवाडा होळकरांचा. ग्वाल्हेरचा महाराज बाडा शिंद्यांचा, आणि तो ज्या 'लष्कर' नावाच्या शहरात आहे ते शहरच मुळी दौलतराव शिंद्यांच्या 1810 सालच्या छावणीचं आहे. छावणी बसली आणि उठलीच नाही. धनगरांच्या भाषेत, वाडा बसला. माझ्या मताला एकच काटा टोचतो: लखनौचा इमामबाडा. असफउद्दौल्यानं तो 1784 साली बांधायला घेतला आणि त्यात मराठ्यांचा हात नाही. पण इमामबाडा हे कुणाच्या राहण्याचं घर नव्हे. ते लोकांनी जमायचं आवार आहे, म्हणजे तिथं बाडा मूळ अर्थानंच उभा आहे.

माझा मुद्दा घोड्याचा आहे. कुंपणात मेंढरं होती तोवर वाडा मेंढपाळाचा. कुंपणात घोडी आली आणि वाडा सरदाराचा झाला. दख्खनचा सरदार मोठा की छोटा, हे त्याच्या आवारात किती घोडी बांधली जातात यावर ठरायचं. आणि घोडीवर घर लादून चालण्याची विद्या या मुलखात कुणाकडं होती? भीमेच्या थडीवर, म्हणजे आमच्याच दौंड-बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, भीमथडीचं तट्टू तयार झालं. अंगानं लहान, खाणं थोडं, खूर कणखर, ऊन-तहानेला न हटणारं. मराठ्यांच्या घोडदळाचा तो कणा. 2023 साली राज्यगीत ठरलेल्या गीतातही या तट्टांचं नाव आहे. भीमथडी हे इंग्रजी अमलात तालुक्याचंही नाव होतं. तालुका गेला, घोडा राहिला. आणि तो राहिला कुणाजवळ? संस्थानिकांच्या तबेल्यात काठेवाडी-मारवाडी घोडे आले, टांगे बंद पडले, पण धनगरांनी भीमथडी सोडली नाही, कारण त्यांचं घर तिच्या पाठीवर होतं. अलीकडं या घोड्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली, त्यासाठी बारामतीतून मोठी खटपट झाली, आणि घोडी शोधायला माणसं गेली ती धनगरांच्या वाड्यांवरच.

आता ज्या एका दुव्यासाठी मी हे सगळं लिहितोय तो. याच नीरेच्या काठावर होळ नावाचं गाव आहे. तिथल्या एका धनगराच्या घरात 1693 साली मुलगा जन्मला. बाप लवकर गेला, आई त्याला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडं गेली. मामा बारगळ, त्याची मेंढरं हा पोर राखायचा. झोपलेल्या पोरावर नागानं फणा धरल्याची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं घोड्यावर बसला, पेशव्यांच्या फौजेत वाढला, माळव्याचा धनी झाला: मल्हारराव होळकर. 1747 च्या सुमारास त्यानं इंदुरात स्वतःसाठी घर बांधायला घेतलं. सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. नाव राजवाडा.

वाघुरीच्या वाड्यात वाढलेल्या माणसानं सात मजल्यांच्या घराला राजवाडा म्हटलं. हा शब्द मेंढवाड्यापासून महालापर्यंत पोचायला शतकं लागली असतील. मल्हाररावांच्या बाबतीत तो एका आयुष्यात पोचला. मी असं म्हणत नाही की त्यांनी तो अर्थ घडवला. पुण्यात शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 सालीच झाली होती, अर्थ तेव्हा पक्का होता. मी एवढंच म्हणतो, आणि ठामपणे म्हणतो, की त्या माणसाच्या कानाला हे दोन शब्द वाटले नसतील. वर्षातले बहुतेक दिवस तो फौजेच्या तळावर राहायचा. मधे सामान, भोवती बिऱ्हाडं, पलीकडं घोडी. इंदुरातला वाडा म्हणजे न उठणारा मुक्काम, इतकंच.

राजवाडा तीनदा जळाला, 1801, 1908 आणि 1984 साली. शनिवारवाडा 1828 साली जळाला. आत आज जोती, कारंजी आणि हिरवळ आहे. सोपे नाहीत, छप्पर नाही, दिवाणखाना नाही. उरला तो तट आणि दरवाजा. तरी आपण त्याला वाडाच म्हणतो, आणि कुणाला ते खटकत नाही. छप्पर गेलेल्या घराला आपण पडकं घर म्हणतो. वाड्याला मात्र कुंपण पुरतं. वार्दोचं चाक काढलं तर ते वार्दो राहणार नाही, कारण त्याचं नाव फिरण्यात आहे. वाड्याचं नाव वेढण्यात आहे.

शेवटचा टप्पा अजून चालू आहे, म्हणून थोडक्यात. 2005 साली 'छोटा हत्ती' टेम्पो आला, मागोमाग पिकअप आल्या, आणि धनगरांच्या तरुण पोरांनी हिशोब केला. रस्त्यांवर गाड्या वाढल्या, घोडी बिचकतात, अपघात होतात. कोकणातून परत यायला घोडीनं दिवसच्या दिवस लागतात. गेल्या वर्षी सांगवी फाट्याजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात एक जुनी ट्रॉली कामाला आली होती. दोन भाऊ मालक. कामही त्यांनीच खडूनं फरशीवर काढून दिलेलं. खालच्या कप्प्यात कोकरं आणि आजारी मेंढरं, हवेसाठी बाजूला जाळी. त्यावर अँगलचा सांगाडा आणि प्लायची फळी, म्हणजे वर बाया-पोरांना झोपायला जागा. कमानीवर ताडपत्री. मागच्या फाळक्याला बिजागरी लावून त्याचाच उतार केला होता, जनावर चढायला. आतल्या अंगाला भांड्यांचे आकडे, पाण्याच्या टाकीची चौकट, मोबाईल चार्ज करायला बॅटरी. पुढच्या बाजूला आडवी नळी आणि दोन कड्या. त्या कशाला, विचारलं तर थोरला म्हणाला, "घोडीला. एक ठेवलीय. आज्जी सोडू देत न्हाय. रस्त्यानं गाडीत, रानात पायी."

ज्या घोडीनं घर वाहिलं ती आता घरात बसून जाणार होती.

मी त्याला विचारलं, याला आता तुम्ही वाडा म्हणणार का?

"ह्याला? ही ट्रॉली," तो म्हणाला. "वाडा म्हंजे वाघूर लावल्यावर."

वाघूर कुठं आहे म्हणून मी आत डोकावलो. फळीखाली, सगळ्या सामानाच्या आधी हाताला येईल अशा जागी, गुंडाळून ठेवली होती. सुतळी जाऊन आता नायलॉन आलंय, रंग निळा. गाठ मात्र धाकट्यानं सोडून दाखवली, ती जुनीच, त्यांच्या आज्जीनं शिकवलेली.